देव्हाऱ्यातली काच

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उपाशी साखर १२८. दर रविवारचं इंजेक्शन घेतलं, चौदावं, पोटाला डाव्या बाजूला. मुंगी चावल्याएवढं पण दुखत नाही. वजन ७८. श्रावणात ८५ होतं.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईनं ही वही घालायला लावली. रोजची साखर लिहा, काय खाल्लं ते लिहा, म्हणाली. बाई आकडे तेवढे बघते, बाकीचं वाचत नाही. म्हणून बाकीचं मी मला वाटंल ते लिहिते. चौथी शिकलेय. अक्षर कुणाला लागलं नाही तर बरंच.

स्नेहा आलती माळेगाववरनं, गाडीवर. मंदाची पोरगी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची. तिलाही एक दिलं. तिचं दुसरं. बाईनं माझा डोस वाढवला तेव्हा लहान डोसाच्या इंजेक्शनचं एक पेन तसंच राहिलं होतं फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी. वाया कशाला घालवायचं. इंदापूरच्या पाहुण्यांनी सगळं पसंत केलंय, नुसतं मुलाची आई जाता जाता म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, जरा अंगानं कमी झाली तर जोडा शोभंल." तेवढ्यावरनं मंदानं पोरीची भाकरी बंद केली. त्यापेक्षा हे बरं.

पोरगी म्हणाली, मावशी मळमळतंय. म्हणलं, मलाही मळमळायचं. लिंबू चोख.

१२ नोव्हेंबर, बुधवार

१३१. अर्धी भाकरी, मेथी. भूक म्हणून नाही. ताटाकडं बघून काही वाटतच नाही. मालक म्हणाले, "आता तुझ्या वाटणीचं मटण कुणी खायचं?" म्हणलं, तुमीच खा, तुमचं पोट कधी भरलंय.

मेंढरांमागं ओढ्यापर्यंत जाऊन आले. अकराच राहिलीत, पण मागं चालायला पाय लागतातच. दोन वर्षांनी गेले ओढ्यापर्यंत. गुडघा गप होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

१२६. पंधरावं इंजेक्शन. स्नेहाचं तिसरं. तिचा ड्रेस सैल बसायला लागलाय, पोरगी आरशासमोरनं हलंना.

ती गेल्यावर सून अश्विनी फ्रिज पुसायला बसली. इंजेक्शनच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, कापडाच्या ताग्यासारखा लांब, सगळा इंग्रजी. मी कधी उलगडला नाही. अश्विनीनं त्याच्यावर फोन धरला. फोन त्याचं मराठी करतो.

"आत्या, हे वाचलं का तुमी?"

"मला कुठलं इंग्रजी."

तिनं वाचून दाखवलं. हे औषध उंदरांना दिलं तेव्हा त्यांच्या गळ्यातल्या ग्रंथीत गाठी आल्या. माणसाला येतात का ते माहीत नाही. पण ज्याच्या घरात कुणाला गळ्याच्या ग्रंथीचा अमुक एका जातीचा कॅन्सर झालाय त्यानं हे घेऊ नये.

"आपल्यात कुणाला न्हाय ना? मग झालं," सून म्हणाली.

मी म्हणलं, न्हाय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

१३४. चहा बिनसाखरेचा. नाष्टा केला नाही.

हितं लिहून टाकते. आईच्या गळ्याला गाठ होती.

पंचवीस वर्षं झाली आई जाऊन. गेली तेव्हा आज मी आहे तेवढ्या वयाची पण नव्हती. मंदाचं लग्न व्हायचं होतं. आईनंच सांगितलं होतं, गळ्याचं नाव कुणी काढायचं न्हाय, कुणी इचारलं तर संग्रहणी झाली म्हणायचं. पदर गळ्याभोवती घेऊनच बसायची, चैत्रात पण. पोट तर तिचं सारखंच बिघडलेलं असायचं, दिवसातनं धा वेळा तांब्या घेऊन जायची. त्यामुळं लोकांना पटलं. दादा, म्हणजे आमचे वडील, पण तेच सांगायचे. मंदाच्या सासरच्यांना तेच सांगितलं. आमच्या मालकांना मी दोन पोरं झाल्यावर खरं सांगितलं.

श्रावणात बाईच्या दवाखान्यात तिथल्या नर्सनं भराभर विचारलं. किडनीचं काही? नाही. हार्टचं? नाही. घरात कुणाला गळ्याचा कॅन्सर? नाही. तिसरं नाही पहिल्या दोनांसारखंच निघालं तोंडातनं. मला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटलं पण नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

१२९.

भिगवणकडचा एकजण मेंढी बघायला आलता. दोन दाती, तरणी, काळ्या कानाची आहे ती. त्यानं गुडघ्यात धरून जबड्याखाली बोटं घातली, हळूहळू मागं नेली. आमचे दादा अशीच बोटं चालवायचे. बाजारात मेंढी घेताना दादा आधी तिची आई विचारायचे. जिच्या आईच्या गळ्याला गाठ आली तिचं पिल्लू कितीही देखणं असू दे, कळपात ठेवायचे नाहीत. तीन पिढ्या तोंडपाठ असायच्या त्यांना.

त्या माणसानं विचारलं, "हिची आई कशी हुती?"

म्हणलं, "आईच्या गळ्याला गाठ आलती. खाटकाला दिली. हिचं अजून काय न्हाय, पण सांगून ठिवते."

तो न घेताच गेला. मालक गोठ्याच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "मेंढीचं बरं खरं सांगतीस गं."

मी चारा टाकायला गेले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

१३८. माळेगावला गेले. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या, एष्टी पायी चालल्यासारखी चालली.

मंदाला आत घेतलं आणि सांगितलं, कागदात असं असं लिहिलंय. मंदानं आधी दार लोटलं. मग म्हणाली, "आक्का, आईला संग्रहणी झालती."

"मंदे, माझ्यासमोर तरी नको."

"उंदराचं लिहिलंय ना? आपण काय उंदीर हाय का?"

"तुझ्या पोरीला मी तीन सुया टोचल्यात."

"मग चौथी टोच आन् गप बस. अठ्ठावीस डिसेंबरला साखरपुडा हाय. तवर तोंड उघडू नको. इंदापूरच्यांच्या कानावर गेलं ना, की आजीला कॅन्सर, तर माझी पोरगी घरात राहील. तुला दोन्ही पोरं हायत, तुला काय कळायचं."

हे लागलं मला. पण तिचं खोटं नाही. माझं सगळं झालंय, म्हणून मला खरं परवडतंय.

जेवायला बसलो. मंदा जेवता जेवता दोनदा उठून गेली परसात. म्हणाली, "खाल्लेलं थांबतच न्हाय, टेन्शननं." म्हणलं, ताक पी.

२३ नोव्हेंबर, रविवार

१३५. आज इंजेक्शनचा वार. पेन काढलं, झाकण काढलं, परत लावून ठेवलं. स्नेहाला फोन करून सांगितलं, येऊ नको, औषध संपलं.

औषध संपलेलं नाही. म्हणजे एक खोटं झाकायला आता दुसरं झालं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

१४१. बारामतीला गेले. मालक म्हणाले येतो, म्हणलं नको, तुमी पानटपरीवर उभं ऱ्हानार आन् मलाच शोधायला लावणार.

बाई माझ्या सुनेएवढी आहे वयानं. वही बघून खुश झाली. "कमलताई, छान चाललंय की."

म्हणलं, "छान न्हाय. मी तुम्हाला खोटं सांगितलंय. दोन खोटी हायत, आधी कुठलं सांगू?"

तिनं पेन खाली ठेवलं. मी आईचं सांगितलं. गळ्याची गाठ, पुण्याला दाखवलं, ऑपरेशनला उशीर झालाय म्हणाले, वर्षात गेली. बाई लिहीत होती. कॅन्सर कुठल्या जातीचा होता विचारलं. म्हणलं, त्यात पण जाती असत्यात का. हसली. म्हणाली, गळ्याच्या ग्रंथीच्या कॅन्सरचे तीन-चार प्रकार आहेत, बरेचसे साधे, त्यांचं या इंजेक्शनला फारसं काही नाही. एकच प्रकार असा की जो घराण्यात उतरू शकतो. तो असेल तर आम्ही हे औषध देत नाही.

मी म्हणलं, "आमी तर लोकांना संग्रहणी सांगायचो. पोट बिघडलेलं असायचं तिचं, म्हणून खपून गेलं."

बाईचं लिहिणं थांबलं. "जुलाब किती दिवस होते?"

"गाठ दिसायच्या आधीपासनं. वरीसभर."

"औषधानं थांबत नव्हते?"

"न्हाय."

म्हणाली, त्या एका प्रकारात असे जुलाब होतात. कागद बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही, पण होतात.

पंचवीस वर्षं आमी जे खोटं म्हणून सांगत होतो, त्यातच खरं बसलेलं होतं.

आणि मग मला मंदा आठवली, ताटावरनं उठून जाणारी.

स्नेहाच्या सुयांचं सांगितलं तेव्हा मात्र बाई चिडली. एकाचं पेन दुसऱ्याला कधीच द्यायचं नाही, सुई बदलली तरी नाही. आणि पोरगी कुणाची, त्याच आजीची. मी ऐकून घेतलं. चिडायलाच पाहिजे होती.

मी विचारलं, "हे औषध कॅन्सर करतं का न्हाय, एकदा सांगा मला."

म्हणाली, "ठाम नाही सांगता येत. उंदरांत दिसलं. माणसांत तसं पक्कं दिसलेलं नाही, अजून बघतायत. उलट वजन आणि साखर वाढलेली राहिली तर तिनंही काही कॅन्सरचा धोका वाढतो, आणि हे औषध ते दोन्ही उतरवतं. म्हणून सगळ्यांना बंद करा म्हणणार नाही. तुमचं तेवढं बंद करते, आईचं कळेपर्यंत."

एवढी शिकलेली बाई, माहीत नाही म्हणायला लाजली नाही. बरं वाटलं.

गोळ्या दिल्या. माझं रक्त घेतलं, लांबलचक नावाची तपासणी आहे, पुण्याला जाणार. गळ्याची सोनोग्राफी केली. डाव्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आहे म्हणे. अशा पुष्कळ बायकांना असतात, बहुतेक काही निघत नाही, म्हणाली. आईचे कागद शोधा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

१७९. गोळ्या घेतेय. भूक परत आली. सकाळी दीड भाकरी खाल्ली आणि तव्यावरच्या तिसरीकडं बघत बसले. चार महिने ही बया कुठं गेलती कुणाला ठाऊक.

घरातले कागद बघितले. दादांची ट्रंक उलथीपालथी केली. सातबारा, कारखान्याच्या पावत्या, माझा चौथीचा दाखला. आईचं एक चिटोरं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

१८८. मामाकडं गेले. आईचा थोरला भाऊ, इंदापूरच्या अलीकडं वस्तीवर असतो. ऐंशीच्या पुढं गेलाय. आईला पुण्याला त्यानंच नेलं होतं, दादांना मेंढरं सोडता येत नव्हती.

बाजेवर बसला होता घोंगडं घेऊन. मी विषय काढला तर आधी सगळ्या पाहुण्यांची खुशाली विचारली, मग माझ्या मेंढरांची.

"काळ्या कानाची गाभण हाय का?"

"मामा, आईच्या कागदांचं इचारतेय मी."

"कागद जाळलं. मंदीच्या सोयरिकीला लोक येणार हुते. तुझ्या बापानं सांगितलं, जाळ. जाळलं."

मी उठायला लागले. म्हणाला, "बस. काच हाय."

मला कळंना. त्यानं सुनेला हाक मारून देव्हारा उघडायला लावला. देवांचे टाक एका ओळीत, आणि त्यांच्या मागं लाल फडक्यात एक पुडी. मामानं स्वतः सोडली. बोटाएवढ्या लांब दोन काचेच्या पट्ट्या. मधे जांभळा डाग, वाळलेल्या जांभळासारखा. वर भंडाऱ्याचा थर.

"डॉक्टरनं गाठीचा तुकडा काढला हुता. त्यो हितं काचेवर लावलाय. दुसऱ्या दवाखान्यात दावा म्हनला. आमी कुटं दावतोय. कागद जाळलं, पर ही कशी जाळायची? बहिणीचं मास हाय त्यात. तिला जाळून आलो हुतो नुकतंच. परत जाळायची?"

"म्हणून देव्हाऱ्यात?"

"मग कुटं ठिवू. फडताळात?"

दर रविवारी भंडारा वाहतोय. पंचवीस वर्षं. दिल्या घरची बाई माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही. मामानं बसवली. कुणाला सांगितलं पण नाही.

काच द्यायला त्यानं अर्धा तास लावला. शेवटी म्हणाला, "परत आणायची, कमळे."

येताना एष्टीत पुडी मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, परसाद हाय का? म्हणलं, आई हाय. ती सरकून बसली.

४ डिसेंबर, गुरुवार

१९४. बाईला काच दिली. तिनं कापसानं भंडारा पुसला तेव्हा मी नको म्हणणार होते. उजेडाकडं धरून बघितली. म्हणाली, "रंग उतरलाय, पण पुण्याला बघतील. कमलताई, कागदापेक्षा हे बरं. कागदावर कुणीतरी काय बघितलं ते असतं. इथं परत बघता येतं."

पाकिटावर लाल पेननं लिहायला लावलं: काच परत हवी.

माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. चांगला आहे. ती ज्वारीची गाठ बहुतेक साधीच, म्हणाली, सहा महिन्यांनी परत बघू. मला वाटलं होतं हे ऐकून उडी मारावीशी वाटंल. काही वाटलं नाही. बाई पुढचं बोललीच होती: "आता बहिणीला आणा. आणि लवकर आणा."

मी जुलाबाचं सांगितलं होतं ना मंदाच्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

मंदाला फोन. उचलला नाही. परत. उचलला नाही. दाजींनी उचलला, म्हणाले, "ती म्हणती घरी न्हाय." मागनं कुकरची शिट्टी ऐकू आली आणि तिचा खोकला.

७ डिसेंबर, रविवार

२०२. गुडघा बोलायला लागला परत.

स्नेहा आली, न बोलवता. सरळ फ्रिज उघडला. पेन तिथंच होतं.

"मावशी, संपलं म्हणलीस."

सांगितलं सगळं, चुलीपुढं बसून. आजीचं, काचेचं, कागदाचं, सुयांचं. मंदासारखी नाही, ऐकते पूर्ण. मग म्हणाली, "तुमी दोघींनी मला इचारायचं हुतं."

"व्हय."

"तू टोचताना इचारायचं, आन् बंद करताना पण इचारायचं. दोन्ही वेळा तूच ठरवलंस."

"व्हय."

"नुसतं व्हय काय म्हणतीस?"

"मग काय म्हणू. चुकलं माझं."

तिनं विचारलं, मला होणार का? म्हणलं, मला माहीत नाही, बाईला पण माहीत नाही. आधी आजीच्या काचेचं कळू दे, मग तुझ्या आईचं, मग तुझं. असं ओळीनं आहे ते. तिनं विचारलं, "आईला त्रास हाय का?" मी तिच्याकडं बघितलं. घरात राहणाऱ्या पोरीला मी काय सांगायचं. तिचं तीच म्हणाली, "रोज चार-पाच वेळा जाती. मी म्हणायचे, ॲसिडिटीच्या गोळ्या घे."

जाताना दारात थांबली. "मी अमोलला सांगणार." अमोल म्हणजे इंदापूरचा मुलगा.

म्हणलं, "तुझी आई मला जित्ती ठेवायची न्हाय."

"मग मीच सांगितलं म्हण. खरंच हाय ते."

९ डिसेंबर, मंगळवार

मंदाचा फोन आला. अर्धा तास मला शिव्या दिल्या. आईला काढलं, दादांना काढलं, माझ्या वजनाला काढलं. मी फोन चुलीच्या कट्ट्यावर ठेवून भाकरी थापल्या. संपल्यावर म्हणलं, "मंदे, बारामतीला कधी येतीस?"

ठेवला फोन.

साखर लिहायची राहिली.

१३ डिसेंबर, शनिवार

१८५. गोळी वाढवलीय, थोडी उतरली. फिरायला जाते, ओढ्यापर्यंत नाही, अलीकडच्या बाभळीपर्यंत.

स्नेहानं अमोलला सांगितलं. "बघतो, घरी बोलतो," म्हणाला. मग चार दिवस फोन नाही. पोरगी कंपनीत जाते, येते. मंदानं पोरीशी बोलणं सोडलंय.

मी मालकांना म्हणलं, मी नसतं सांगितलं तर साखरपुडा झाला असता.

मालक म्हणाले, "झाला असता." मग म्हणाले, "तुझा झालाच की."

मला हे लांबनं लागलं. आमचं लग्न झालं तेव्हा आईच्या गळ्याला काही नव्हतं. पण असतं तर मला देताना पण कुणी खरं सांगितलं नसतं. आणि हे माणूस सगळं ठाऊक असूनही सकाळी माझ्यासाठी कारल्याचा रस काढतं. प्यायला घाण लागतो. पिते.

१८ डिसेंबर, गुरुवार

१७६. बाईला विचारलं काचेचं. पुण्यात काहीतरी जादा रंग लावून बघायचंय म्हणे, जुनी आहे म्हणून. अजून आठ-दहा दिवस.

मामाचा फोन. "आली का?" म्हणलं, न्हाय अजून. "काय म्हनतेत?" म्हणलं, कुठल्या जातीची ते बघतेत. मामा म्हणाला, "धनगराची हाय म्हनावं." आणि स्वतःच हसला, खोकला येईपर्यंत.

२१ डिसेंबर, रविवार

१७२. अमोल माळेगावला येऊन गेला. एकटाच, आईबापाशिवाय. स्नेहाला म्हणाला, आई नको म्हणतीय, मी तिला समजावतोय, वेळ लागंल. अठ्ठावीसचं रद्द. पुढचं ठरवलं नाही.

मला वाटलं आता मंदा माझं घर जाळायला येईल. ती आली पण. स्नेहाच्या गाडीवर मागं बसून. उतरली, पाणी प्यायली. पोरीनं सांगितलं काय झालं ते. पोरगी तिला म्हणाली होती, "मला बारीक करायला सुई चालली, आन् तुला रगत काढायला चालत न्हाय?" आणि मग म्हणाली, "आजीसारखी पदर गुंडाळून बसणार का तू?"

मंदानं पदर गळ्याभोवती घेतलेला होता. थंडी होती म्हणा. तिनं तो खाली सोडला.

"कधी जायचं ते सांग," मला म्हणाली. "आन् तू बडबड करू नको तिथं, माझं मी सांगीन."

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी १६८. तिघी बारामतीला. मंदा खिडकीशी, स्नेहा मधे, मी कडंला. मंदानं डब्यात दशम्या आणल्या होत्या, मला एक दिली आणि म्हणाली, "तुला चालत न्हाय ना?" आणि अर्धी काढून घेतली.

दवाखान्यात तीच नर्स. तेच भराभर. किडनी? नाही. हार्ट? नाही. घरात कुणाला गळ्याचा कॅन्सर?

मंदा थांबली. मी बोलणार होते, स्नेहानं माझा हात दाबला.

"आईला," मंदा म्हणाली. "आमच्या आईला झालता."

"कोणत्या प्रकारचा?"

"ते बघतेत पुण्याला. काच दिलीय."

नर्सनं आईचं नाव विचारलं. मंदानं पूर्ण सांगितलं, ठकूबाई, बापाचं, गावाचं. सांगायला कुणी सांगितलं नव्हतं. नर्सनं सगळं लिहून घेतलं.

मग आत. बाईनं मंदाला स्टुलावर बसवलं, मागं उभी राहिली, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवली. "गिळा," म्हणाली. मंदानं गिळलं. बोटं हळूहळू खाली गेली, मग बाजूला. मी दादांच्या बाजारातल्या हाताकडं बघायचे तशी बघत होते. दादांचा हात चालत राहिला की मेंढी आपली, हात थांबला की नाही, हे मला पाच वर्षांची असल्यापासनं कळायचं.

बाईची बोटं उजव्या अंगाला थांबली. मग पुढं गेली. मग परत तिथंच आली.

"परत एकदा गिळा."

बाईनं हात धुतले. रक्त घेतलं, सोनोग्राफीचं लिहून दिलं, रिपोर्ट आले की एकत्रच सांगते म्हणाली. काच पण तोपर्यंत येईल.

बाहेर आल्यावर मंदानं विचारलं, "आक्का, तुझ्या वेळी पण दोनदा गिळायला लावलं का?"

म्हणलं, "मला न्हाय आठवत."

मग म्हणलं, "न्हाय. एकदाच."

ती म्हणाली, "बरं." आणि स्टँडकडं चालायला लागली, माझ्यापुढं, पदर मोकळा सोडून. स्नेहा तिच्या बरोबरीनं. माझा गुडघा दुखत होता, मी मागनं.

घरी आले तर मामाचा फोन येऊन गेला होता. सुनेला सांगून ठेवलंय त्यानं, काच आली की आधी कळवा, देव्हाऱ्यात तिची जागा मोकळीच ठेवलीय. रविवारी भंडारा तिथंच वाहिला म्हणे, रिकाम्या जागेवर.